फ्रेमसाठी फोटो

"ताई, घर विकायचा प्रश्नच नाही. मी राहीन की इथे," असं भाऊ म्हणाला, म्हणून सकाळी मी हक्कसोडपत्रावर सही केली.

दुपारी वरच्या खोलीत बाबांच्या कॉम्प्युटरवर फ्रेमसाठी त्यांचा फोटो शोधत होते. अचानक पडद्यावर नवे फोटो उतरू लागले. आवरलेलं स्वयंपाकघर. चादर बदललेला बाबांचा पलंग. हॉल, आणि कोपऱ्यात मोजपट्टी धरलेला अनोळखी माणूस. बाबांच्या कॅमेऱ्यातला प्रत्येक फोटो वाय-फायवरून थेट इथे येतो, हे खाली तोच कॅमेरा घेऊन फिरणाऱ्या भावाला ठाऊक नव्हतं.

"सापडला का गं?" तो खालून ओरडला.

"येतायत एकेक."



शेवटचा फोटो दाराचा होता. बाबांच्या नावाच्या पाटीच्या जागी स्क्रूची चार भोकं होती.