तांदळातलं नाव

"मॅडम, चारशे सायटेशन असलेला हा पेपर नेत्रा तांडेल यांचा आहे. तुमचा कसा धरणार?" बढतीच्या मुलाखतीत अध्यक्षांनी विचारलं. उत्तनला मासळी सुकवणाऱ्या बायकांच्या दम्यावरचा तो पेपर मीच लिहिलेला. "सर, नेत्रा म्हणजे मीच. लग्नात नाव बदललं." "सिस्टिममध्ये तुम्ही दोघी वेगळ्या दिसताय," ते हसले. "आणि तुमच्या पेपरांत या बाईंचे संदर्भ तुम्ही जरा जास्तच देता." तणतणत भाईंदरला घरी आले. नवरा ताटात तांदूळ निवडत होता. "एवढं काय त्यात? ॲफिडेव्हिट करून टाक ना," सगळं ऐकून तो म्हणाला. डोकंच फिरलं. लग्नात अशाच ताटातल्या तांदळात त्यानं अंगठीनं 'स्वप्नाली' लिहिलं होतं. मी अंगठी काढून त्याच्यापुढे आपटली. "लिही आता. नेत्रा." त्यानं तांदूळ पसरले, नाव लिहिलं आणि वर बघून विचारलं, "आडनाव आपलंच ना?"