बंद न होणारा स्विच

ग्राफीन या एका अणूइतक्या पातळ कार्बनच्या थरामुळे संगणक हजारपट वेगवान होतील आणि त्याचा आरंभ तळोद्यातून होईल, असे संस्थाध्यक्षांनी महाविद्यालयात जाहीर केले. या दिव्य भविष्याला आडवे येत होते ते महजबीनच्या प्रबंधातले एकच प्रकरण: ग्राफीनमधून वीज विलक्षण वेगाने धावते, पण ती पुरती थांबवता येत नाही, आणि जो स्विच बंदच होत नाही, त्याच्याकडून गणित होत नाही. ते प्रकरण वगळल्याशिवाय मार्गदर्शक भूपेंद्रसर प्रबंधावर सही करणार नव्हते.

महजबीनने शांतपणे विचारले, "सर, हा दोष मला तुम्हीच शिकवलात. मग अध्यक्षांच्या दाव्याच्या पत्रकावर लगेच सही कशी केलीत?"

सरांनी आधी दार लोटून घेतले.



"काय करू माय, अध्यक्षसले माले नही म्हनताच येत नही."