समजूतदार राणी

"नूपुर, ट्यूब बंद कर आधी!" तात्या ओरडले, आणि मुलगी बघायला फणसवाडीत आलेले पाहुणे अंधारात बसले.

ट्यूबभोवती पंखवाल्या मुंग्यांचा थवा उतरला होता. "घाबरू नका, दरवर्षीचंच आहे," म्हणत तात्यांनी पाण्याची परात जमिनीवर ठेवली आणि मधोमध वाटीत मेणबत्ती लावली. मुंग्या उजेडाकडे वळल्या, पटापट पाण्यात पडू लागल्या. नवऱ्यामुलाने, शंतनूने, दोन्ही पाय सोफ्यावर घेतले ते घेतलेच.

शंतनूच्या जमेच्या बाजूला दादरचा ब्लॉक होता, बँकेतली नोकरी होती आणि आई होती. आई कुठल्या बाजूला मांडायची, एवढंच तात्यांचं ठरत नव्हतं.

ही आई, बकुळाताई, अंधारातही मुद्दा सोडणाऱ्यातल्या नव्हत्या. "तर मी काय म्हणत होते, नूपुर, ते डेहराडून रद्द कर. किड्यांवरच संशोधन ना? घरी बसून कर. बघ की, घरातच किती आहेत!"

त्या स्वतःच हसल्या. मुलीकडचे म्हणून तात्याही हसले.

नूपुर हसली नाही. सोमवारपर्यंत तिला होकार कळवायचा होता, डेहराडूनच्या संशोधन संस्थेला किंवा दादरला.

परातीबाहेर पडलेली एक मोठी मुंगी अंग वाकवून धडपडत होती. तिचा एक पंख गळाला, मग दुसरा.

"अगं बाई, हिचे पंख कोणी तोडले?" बकुळाताई वाकल्या.

"तिनेच," नूपुर म्हणाली. "ही राणी. हवेत मीलन झालं की खाली येते, आपले पंख आपणच तोडते आणि जमिनीत शिरते. मग जन्मभर आत."

"बघ!" बकुळाताई खूश झाल्या. "मुंगी असून किती समजूतदार!"

"आणि नर?" शंतनूने विचारलं. आल्यापासून तो पहिल्यांदाच बोलला.

"मरतात. त्यांचं काम तेवढंच."

शंतनूने खात्री करून घ्यायला आईकडे पाहिलं.

तात्यांनी घसा साफ केला. "मग ताई, होकार समजायचा?"

"आमचा आहेच हो. डेहराडूनचं तेवढं..."

"तात्या, डेहराडूनला मी आत्ताच कळवतेय," नूपुर उठली. "येते म्हणून." आणि तिने ट्यूब लावली.

शंतनू सोफ्यावर उभा होता. शर्टावर, बाह्यांवर, कानामागे मुंग्या चिकटल्या होत्या. "आई, काढ ना!" त्याने दोन्ही हात बाजूला पसरले आणि डोळे गच्च मिटले.

"हलू नको हं, बाळा," म्हणत बकुळाताई त्याच्या अंगावरचे पंख चिमटीने एकेक करून उपटू लागल्या.