ब्रेकचे दिवे

गाडी चिमुकली, पण वय अठरा वर्षं. आज तपासणीत नापास झाली, तर सरळ भंगारात जाणार होती. मग दिवसाआड नातीला डायलिसिसला मी काय कडेवर घेऊन जाणार?

दरवर्षी हे आत बसून ब्रेक दाबायचे आणि मी मागे उभी राहून तपासनिसाशी हुज्जत घालायचे. हे जाऊन आता आठ महिने झाले. तरी यंदाही सवयीनं गाडी लॉक करून मी मागेच जाऊन उभी राहिले.

"ब्रेक दाबा," वही उघडत तपासनीस पुढे बघून ओरडला.

उजवा दिवा लागला.

गाडीत तर कुणीच नव्हतं. चावी माझ्या मुठीत होती.

"डावा लागत नाही, आजी. नापास करावी लागेल."

नात बाकावर पिवळी पडून बसली होती. माझ्या तोंडून जन्मभराचं बोलणं निघून गेलं, "अहो, जरा जोर लावा की. जेवला नाहीत का?"

दोन्ही दिवे लखलखले.

"पास," तपासनीस म्हणाला. "आजोबांना म्हणावं, उतरा आता."

दिवे विझले. मग पुढच्या दाराच्या लॉकची खुंटी आतून हळूच वर आली.