बारा फोटोंचा कॅमेरा

फोटो काढला की माणसाचं आयुष्य वर्षाने घटतं, असं बोर्लीत सगळेच म्हणत. भागोजीच्या आवडाआत्याला मूलबाळ नव्हतं, सुपारीची वाडी होती आणि मरायची घाई मुळीच नव्हती. तेव्हा भागोजी मुंबईला कॅमेरा घ्यायला गेला.

दुकानदाराने दोन कॅमेरे पुढे ठेवले. “ह्याच्या एका रिळात आठ फोटो निघतात, पण मोठे. त्याच्यात बारा, जरा लहान.”

“बारावाला द्या.”

“भिंग साधं देऊ की जर्मन? जर्मन महाग आहे, पण उजेड फार ओढतं.”

“ओढणारंच बरं,” भागोजी म्हणाला.

“आणि फोटो काढताना सूर्य आपल्या पाठीशी ठेवा,” दुकानदाराने बजावलं.

गावी येताच भागोजीने आत्याला सकाळच्या उन्हात अंगणात बसवलं आणि अख्खं रीळ तिच्यावर संपवलं. आत्याही नवी लुगडी बदलून हौसेने बसली.

फोटो धुऊन आले. प्रत्येकात आत्याच्या पायाशी भागोजीची लांबलचक सावली पडली होती, हातातल्या कॅमेऱ्यासकट.

आत्याने एकेक फोटो निरखून पाहिला.

“मला वाटलं, माझ्या एकटीचेच काढतोस,” ती म्हणाली. “बाराच्या बारांत तूबी हायस की रे.”