काठोकाठ टोपण

"बाईंनी विचारलं तर काय सांगायचं?"

"औषध नाही घेतलं," बबडी म्हणाली.

"आणि दुसऱ्या कुणी विचारलं तर?"

"तरी नाही घेतलं."

"शहाणं गं माझं बाळ." आईने टोपण तिच्या ओठांना लावलं. बबडीने तोंड वेडंवाकडं करून औषध गिळलं आणि पुन्हा पांघरुणात शिरली. सव्वासहा वाजले होते. बाटलीवर अर्धं टोपण लिहिलं होतं, पण अर्ध्याने शाळा सुटेपर्यंत निभावत नव्हतं. म्हणून आई टोपण काठोकाठ भरायची. सकाळी एक, आणि नवरा रात्रपाळीला गेला की झोपताना एक.

शाळेत तापाची साथ होती. फाटकातच एक बाई पोरांच्या कपाळासमोर तापाचं यंत्र धरून उभ्या असायच्या. यंत्राला फसवता येतं हे पोरांच्या आयांना लवकरच कळलं, आणि आयांना कळलंय हे बाईंना त्याहून लवकर कळलं. तेव्हापासून त्या पोरांनाच विचारायच्या, "घरून औषध घेऊन आलीस का?" सात वर्षांची पोरं खोटं बोलत नाहीत, असा त्यांचा भाबडा समज. बोलत नाहीत हे खरंच. शिकवली की बोलतात.

आई एका मोठ्या हॉटेलच्या लॉन्ड्रीत होती. गरम रोलरमधून सुटलेल्या चादरी दोघींनी टोकाला धरून झटकायच्या आणि घड्या घालायच्या, की लगेच पुढची चादर. या महिन्यात तिचे दोन खाडे झाले होते, दोन्ही बबडीपायी. "तिसरा झाला की घरीच बस हं," सुपरवायझर मॅडम म्हणाल्या होत्या. चिडून म्हणाल्या असत्या तर या कानाने ऐकून त्या कानाने सोडता आलं असतं. त्या हसून म्हणाल्या होत्या.

बाप कोल्ड स्टोरेजमध्ये रात्रपाळीला. सकाळी परतायचा, बबडीला शाळेत सोडून तसाच एका दुकानाची पार्सलं पोचवायला जायचा, एकला तिला घरी आणायचा आणि तिच्याच शेजारी आडवा व्हायचा. त्याची यायची आणि तिची निघायची वेळ एकच, संध्याकाळी उलट, त्यामुळे नवराबायकोची गाठ पडायची ती जिन्यात. किल्ली या हातातून त्या हातात. बारा वर्षांच्या संसाराच्या वाट्याला रोजची दोन मिनिटं येत होती, आणि सोमवारी ती दोन मिनिटंही भांडणात गेली.

"अंगात ताप असताना पोरीला शाळेत धाडतेस? आई आहेस का कोण?"

"मग तू राहा ना घरी!"

"मी राहिलो तर पार्सलचं काम उद्या दुसऱ्याच्या हातात."

दोघांचंही खरं होतं, म्हणूनच भांडण मिटेना. शेवटी तिने ते आपल्या पद्धतीने मिटवलं. तापाचा विषयच बंद केला आणि औषधाची बाटली पर्समध्ये टाकली.

"कशी आहे?" मंगळवारी जिन्यात त्याने विचारलं.

"बरी आहे."

तो किल्ली घेऊन वर गेला. बुधवारीही तेच, गुरुवारीही तेच. वाद घालत नाही म्हणजे त्याला पटलं असावं, असं तिला वाटलं. तिला बरंही वाटलं आणि त्याचा थोडा रागही आला. इतक्या लवकर कसं पटतं बापाला?

गुरुवारी संध्याकाळी बबडी जेवली नाही. दोनदा उलटी झाली. नुसती पडून राहिली. एवढी बडबडी पोर गप्प झाली तशी आई तिच्या उशाशी येऊन बसली. पण उद्या शुक्रवार. एकच दिवस रेटला की दोन दिवस सुट्टी होती. एक दिवस, बाळा, एकच दिवस, असं ती तिच्या केसांतून हात फिरवत म्हणत राहिली.

शुक्रवारी अकराच्या सुमाराला मॅडम स्वतः रोलरपाशी आल्या. "शाळेतून फोन होता. पोरीला दवाखान्यात नेलंय." आई चादरीचं टोक धरून तशीच उभी राहिली. मॅडमनी ते तिच्या हातातून सोडवून घेतलं. "जा तू. कामाचं मी बघते."

दवाखान्यात बाप आधीच पोचला होता. रात्रीचं जाड जॅकेट अजून त्याच्या अंगावर होतं. बबडी डोळे मिटून पडली होती आणि तिचा चेहरा पिवळा पडला होता.

डॉक्टरीणबाई कागद घेऊन आल्या तशी आईने तोंड उघडलं. "माझंच चुकलं. ताप अंगावर असताना मीच शाळेत पाठवलं तिला. सोमवारपासून. मला काय बोलायचं ते बोला, पण तिला बरं करा."

"शाळेचं सोडा. ताप साधाच आहे, पोरांना येतो तसा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "हिचं लिव्हर गेलंय. तापाच्या औषधाने. किती देत होता?"

आईने पर्समधली बाटली काढली. "एक टोपण. सकाळी आणि रात्री. काठोकाठ."

डॉक्टरीणबाईंनी बाटलीवरचं वाचलं. "जास्तच आहे. पण एवढ्याने ही अवस्था होत नाही. नीट आठवा. अजून कितीदा?"

"पोरीची शपथ, दोनदाच."

भिंतीला टेकलेल्या बापाने जॅकेटच्या खिशात हात घातला. बाहेर आली ती तसलीच बाटली, तळ गाठलेली.

"शाळेत सोडायच्या आधी एक, दुपारी घरी आणल्यावर एक," तो म्हणाला. "पण दर वेळी मी आधी तिला विचारायचो. आईने औषध दिलंय का? ती नाही म्हणायची."