पहिल्या घासाचा मासा

नगरपालिकेची माणसं मासळीबाजारातल्या ओट्यांवर खडूने फुल्या मारत पुढे सरकली, तरी सगळा बाजार जिला आत्या म्हणायचा ती मासेवाली आपला ओटा घासतच होती. उद्या सकाळी फुटणारा ओटा. ब्रशने कोपरे खरवडत होती, वरून पाणी ओतत होती. शेजारच्या मासेवालीने तिला वेड्यात काढलं. आत्या म्हणाली, घाणेरडा ओटा पाडला तर बघणाऱ्याला वाटेल, बरंच झालं.

बाजाराच्या दारात एक तरुण आई पोराला कडेवर घेऊन उभी होती. आत जायला पाय उचलत नव्हता.

बाजारात तिला सगळे तपासनीसबाई म्हणायचे. लग्न होऊन या गावात आली तेव्हापासून ती माशाचे कल्ले उघडून बघायची, पोट दाबून बघायची, वास घ्यायची, मग पुन्हा कल्ले बघायची. मासे घ्यायला आलीयस की स्थळ बघायला, असं आत्या विचारायची आणि ओट्यांची अख्खी रांग हसायची. तीही हसायची, पण कल्ले सोडायची नाही. पोर झाल्यावर तर तिने भीतीची हद्दच केली. खाडीच्या तोंडाशी कारखाना आला होता. भरतीच्या पाण्यावर कधीकधी तेलकट तवंग दिसायचा आणि तिला तो पोराच्या वाटीत दिसायचा.

पोर दहा महिन्यांचं झालं. आता मासा सुरू करायला हरकत नाही, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. दुसऱ्याच सकाळी, वारा पदर धरू देत नव्हता अशातही, ती बाजारात आली. पहिला घास आहे म्हणाली. आपल्या खाडीतलाच आहे ना, असं तीन वेळा विचारलं. आत्याने तिन्ही वेळा हो म्हटलं आणि कमी काट्यांचा एक मासा निवडून दिला.

घरी आल्यावर तिचा धीर होईना. भरवायचं राहिलं बाजूला. तिने तो मासा बर्फात घालून शहरातल्या प्रयोगशाळेत पाठवला. पोराने तोंड उघडायच्या आधी माशाचं पोस्टमॉर्टेम करणारी आई जगात एकच, असं नवरा म्हणाला. पण आठवड्याने अहवाल आला आणि त्याचंही हसू मावळलं. माशात रसायन होतं. जितकं चालतं त्याच्या दुप्पट.

ती आधी घाबरली, मग पेटून उठली. कारखान्याला नवी जेट्टी बांधायची होती आणि त्यावर गावाचं म्हणणं ऐकायला शाळेच्या सभागृहात सुनावणी ठेवली होती. कुणी म्हणालं, कारखान्यामुळे रस्ता झाला, पूर्वी अडलेली बाळंतीण होडीतून न्यावी लागायची. कुणी म्हणालं, रस्ता झाला खरा, पण पोरं त्याच रस्त्याने जी गेली ती गेली. एका म्हाताऱ्या नाखव्याची तक्रार एवढीच होती, की मासळीला पूर्वीची चव नाही. त्यावर मागून कुणीतरी, चव सुनेला विचारा, असं म्हणालं आणि सभा हसली.

मग ती उठली. डोळे पुसत तिने अहवाल शेवटच्या ओळीपर्यंत वाचला. सभागृह टाळ्यांनी दणाणलं. कारखान्याच्या वकिलाने उठून अहवालाची प्रत मागितली. मागताना तिचे आभारही मानले.

महिन्याभरात निकाल आला. ज्या खाडीतला मासाच खाण्याजोगा नाही, तिथल्या मासेमारीचं जेट्टीमुळे नुकसान ते कसलं होणार? जेट्टी मंजूर. लोकांच्या आरोग्यासाठी खाडीतली मासेविक्री बंद. बाजाराच्या जागेवरून जेट्टीचा रस्ता.

शेवटी मन घट्ट करून ती दारातून आत, आत्याच्या ओट्याशी गेली. कुणी तिला काही बोललं नाही. तपासनीसबाई म्हणून हाकही मारली नाही. तेच तिला जास्त लागलं. आत्याने हात पुसले, पोराचा गाल चिमटीत धरला, दात किती आले विचारलं. मासा खातो का, तेही विचारलं. तिने नाही म्हणून मान हलवली.

"माझ्यामुळे झालं हे, आत्या. पण खाडीच नासलेली, तर मी तरी काय करणार होते?"

आत्याने ओल्या ओट्यावरचं पाणी तळव्याने सारलं. मग म्हणाली, "तो मासा खाडीतला नव्हता गं."

तिला वाटलं, आत्या तिचं मन राखायला काहीतरी बोलतेय.

आत्याने सांगितलं ते असं. ती मासा घ्यायला आली त्या सकाळी वादळाच्या इशाऱ्याचा बावटा लागून तीन दिवस झाले होते. एकही होडी पाण्यात गेली नव्हती. ओट्यावर होता तो लांबच्या कुठल्यातरी बंदरातून ट्रकने आलेला, बर्फातला माल. त्याला टिकायला काय फासलं होतं ते आत्याला ठाऊक नव्हतं. ठाऊक असतं तर लेकराला दिला नसता. पण पहिल्या घासासाठी आलेल्या आईला रिकाम्या हाताने परत धाडायचं नाही, हा तिच्या आईपासूनचा शिरस्ता होता. म्हणून तिने हो म्हटलं. "तू कल्ले बघितलेस, डोळे बघितलेस. जरा मान वर केली असतीस, तर सगळ्या होड्या वाळूवरच होत्या."

तिच्या कडेवरचं पोर खाली उतरायला धडपडू लागलं. तिने त्याला आणखी घट्ट धरलं.

"मग सभेत का नाही बोललात? तुम्ही तर तिथेच होतात."

"सांगायलाच उठले होते," आत्या म्हणाली. "तेवढ्यात टाळ्या सुरू झाल्या. वाटलं, माझ्या एका खोट्याने कारखाना अडत असेल, तर अडू दे."